देणगी आणि वर्षासन : भारतातील पदार्थविज्ञानाच्या आश्रयाचा इतिहास

पुण्याच्या शास्त्र-महाविद्यालयाच्या आवारात एके काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण उभी होती, ही गोष्ट आज खुद्द पुणेकरांपैकीही फार थोड्यांस ठाऊक असेल. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तितकीच भर घातली, आणि कावसजी दादाभाई नायगमवाला या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांनी त्या पैशातून वेधशाळा उभारण्याचे मनावर घेतले. १८८८ च्या सुमारास ती कामास लागली. डब्लिनच्या ग्रब कंपनीने घडविलेली, वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण हे पुढे तिचे भूषण ठरले. जानेवारी १८९८ मधील खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवाला आपली साधने घेऊन जेऊरला गेले आणि तेथील वेधांचा सविस्तर अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला. पुढे १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली, आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली.

या हकीकतीत कोणाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. कोडाईकनालला सरकारी सौर वेधशाळा होती, तेथे साधने गेली, हे व्यवहारास धरूनच झाले. तथापि पुण्यात त्या कामाला दुसरा माणूस उभा राहिला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपल्या जुन्या दप्तरांत दोन वेगवेगळे शब्द आढळतात. एक देणगी आणि दुसरा वर्षासन. देणगी एकदा दिली की देणारा मोकळा होतो. तिच्यातून देऊळ उभे राहते, घाट बांधला जातो, आणि त्यावर दात्याचे नाव कोरता येते. वर्षासनाने काहीच उभे राहत नाही. देवळात दिवा मात्र रोज लागतो. भारतातील पदार्थविज्ञानाला गेल्या दीडशे वर्षांत पैसा कोणी दिला व कशासाठी दिला, हे पाहताना हा भेद आम्हांस फार उपयोगी वाटतो. बहुतेक इतिहासकार किती पैसा मिळाला एवढेच मोजतात. तो कोणत्या जातीचा होता, हे कोणी विचारीत नाही.

पुण्याच्या शेजारी हैदराबादची कथा ठेवून पाहावी. निजामाच्या दरबारातील नवाब जफर जंग यांना आकाशाचा नाद होता. १९०१ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या खर्चाने पंधरा इंची दुर्बीण आणविली व आपल्या जागेत वेधशाळा थाटली. १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले. नायगमवालांच्या वेधशाळेचे जे पुढे झाले, तेच येथे व्हावयाचे. परंतु निजाम सरकारने १९०८ मध्ये ही संस्था आपल्या खात्यात घेतली आणि तिचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरला. साऱ्या आकाशाचे छायाचित्रण करून ताऱ्यांची सूची तयार करण्याचे एक आंतरराष्ट्रीय काम पॅरिसच्या पुढाकाराने चालले होते. त्यातील चिली देशाच्या वाट्याचा एक पट्टा तिकडून पुरा होईना, तो हैदराबादने पत्करला. काचेच्या पट्टीवर टिपलेला एकेक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली धरावयाचा, त्याचे स्थान मोजावयाचे, वहीत मांडावयाचे. असे वर्षानुवर्षे करीत तेथील मंडळींनी साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद बारा खंडांत छापून काढली. या कामाला प्रतिभेपेक्षा चिकाटी अधिक लागते, आणि चिकाटी महिन्याच्या महिन्याला पगार मिळाल्यावाचून टिकत नाही. १९१९ मध्ये ती वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. हैदराबादच्या मराठी वाचकांनी आपल्या शहराच्या या ऋणाची आठवण ठेवावी, अशी आमची इच्छा आहे.

कलकत्त्यास डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून विज्ञान-संवर्धनासाठी संस्था काढली. इमारत झाली. विजयानगरमच्या महाराजांच्या औदार्याने प्रयोगशाळाही झाली. परंतु तेथे कायम वेतनावर प्राध्यापक नेमता येतील एवढा निधी डॉ. सरकारांना अखेरपर्यंत जमविता आला नाही, आणि १९०४ मध्ये ते निवर्तले ते ही खंत उराशी बाळगूनच. तीन वर्षांनी सरकारी अर्थखात्यातील एक तरुण अधिकारी त्या जवळजवळ ओस पडलेल्या संस्थेत शिरला. कचेरीच्या आधी सकाळी आणि कचेरी सुटल्यावर रात्री तो तेथे प्रयोग करी. तो तरुण म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. २८ फेब्रुवारी १९२८ च्या त्यांच्या शोधाची उपकरणे काहीशे रुपयांच्या मोलाची होती, असे दरवर्षी विज्ञानदिनी शाळाशाळांतून अभिमानाने सांगितले जाते, आणि थोड्या पैशातही मोठे विज्ञान होते असा त्यातून बोध काढला जातो. हा बोध आम्हांस अर्धवट वाटतो. तारकनाथ पालित यांनी कलकत्ता विद्यापीठास जी मोठी संपत्ती दिली, तिच्यातून पदार्थविज्ञानाचे एक कायमचे अध्यासन निर्माण झाले होते. आशुतोष मुखर्जींनी १९१७ मध्ये रामन यांना त्या अध्यासनावर बोलाविले, आणि अधिक पगाराची सरकारी नोकरी सोडून ते आले. उपकरणे स्वस्त होती हे खरे. पण त्या उपकरणांपाशी बसणाऱ्या माणसाला अकरा वर्षे निर्वेधपणे पोसण्याची सोय आधी झालेली होती. याच विद्यापीठाच्या शास्त्र-महाविद्यालयात १९१६ पासून मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोघे तरुण अध्यापक म्हणून काम करू लागले होते. एका विद्यापीठाला मिळालेल्या वर्षासनाचे फळ कसे असते, याचा याहून मोठा दाखला आमच्या तरी माहितीत नाही.

होमी भाभांनी हे मर्म ओळखले होते. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. हिरोशिमाला त्या वेळी सतरा महिने अवकाश होता. आणखी दोनेक दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ते घरीच तयार असावेत, असा त्या पत्राचा आशय आहे. आम्हांस त्यात विशेष वाटते ते असे की, भाभांनी यंत्रे मागितली नाहीत. माणसे तयार करणारी शाळा मागितली. जून १९४५ मध्ये बंगलोरला संस्था सुरू झाली आणि डिसेंबरात मुंबईस पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' या बंगल्यात आली. पहिल्या वर्षाची तरतूद सुमारे ऐंशी हजार रुपयांची. त्यात मोठा वाटा टाटांच्या निधीचा, त्याखालोखाल मुंबई सरकारचा आणि थोडा दिल्लीचा. पुढे हे प्रमाण पार उलटले. १९६२ च्या जानेवारीत कुलाब्याच्या समुद्रकाठी पंडित नेहरूंच्या हस्ते संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्‌घाटन झाले, तोवर खर्चाचा जवळजवळ सगळा भार केंद्र सरकारने उचलला होता.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले दशक हे राष्ट्रीय प्रयोगशाळांचे दशक होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची कोनशिला नेहरूंनी १९४७ च्या जानेवारीत बसविली आणि उद्‌घाटन १९५० मध्ये सरदार पटेलांनी केले. भराभर उठणाऱ्या या इमारतींस रामन यांनी 'नेहरू-भटनागर परिणाम' असे खोचक नाव दिले होते. १९४८ मध्ये अणुशक्तीचा कायदा होऊन आयोग स्थापन झाला, आणि १९५४ मध्ये स्वतंत्र अणुशक्ती खाते थेट पंतप्रधानांच्या हाताखाली आले. देशाला वीज हवी होती, पोलाद हवे होते, धान्य हवे होते. अशा वेळी पदार्थविज्ञानाने आपला संसार अणुशक्तीच्या आधाराने थाटला, हे त्याचे शहाणपणच म्हणावे लागेल. केवळ ज्ञानासाठी ज्ञान मागणाऱ्याच्या झोळीत त्या काळी फारसे पडले नसते.

परंतु त्या शहाणपणाची किंमत कोणी तरी मोजली, आणि ती कोण मोजणार हे मेघनाद साहांनी आधीच सांगितले होते. साहा १९५२ मध्ये कलकत्त्याहून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. मे १९५४ मध्ये अणुशक्तीवर जी चर्चा झाली, तीत त्यांनी या कार्यक्रमाभोवतीच्या गुप्ततेवर टीका केली, आणि हे काम विद्यापीठांच्या विस्तृत पायावर उभारावे असा आग्रह धरला. साहांच्या बोलण्यात व्यक्तिगत कडवटपणाही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. कलकत्त्यातील आपल्या सायक्लोट्रॉनसाठी त्यांनी सोसलेले हाल आणि मुंबईकडे वळलेला ओघ यांची तुलना त्यांच्या मनात सलत होती. पण कडवट माणसाचे म्हणणे त्याच्या कडवटपणामुळे खोटे ठरत नाही. १९५६ मध्ये साहा गेले, आणि लोकसभेत पदार्थविज्ञानाचा हिशेब इतक्या अधिकाराने विचारणारा दुसरा सभासद पुढे झाला, असे आम्हांस दिसत नाही.

दुसरा एक विरोधी सूर खुद्द भाभांच्या घरातून उठला होता, आणि तो आपल्या भाषेच्या परिवारातला असल्यामुळे येथे थोडे थांबावेसे वाटते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील कोसबें गावचे. बौद्ध पंडित धर्मानंदांचे चिरंजीव. भाभांनीच त्यांना आपल्या संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून आणले. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढे कोसंबींनी अणुशक्तीवर एक व्याख्यान दिले. अणुवीज या देशाला महाग पडेल, आणि आपल्या डोक्यावर जो सूर्य बारा महिने फुकट तळपतो त्याच्या शक्तीवर संशोधन करणे हे आपल्या परिस्थितीला अधिक मानवेल, अशी त्यांची भूमिका होती. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालविला नाही. या घटनेची कारणे अनेक सांगितली जातात आणि कोसंबींचा स्वभावही काही मवाळ नव्हता. परंतु राष्ट्राचा अग्रक्रम काय असावा याविषयी वाद घालावयास संस्थेच्या भिंतींच्या आत जागा किती असते, हा प्रश्न त्या वर्षी उभा राहिला. सौर विजेचे पत्रे आज गावोगावच्या छपरांवर दिसतात, तेव्हा आम्हांस पुण्यातील त्या व्याख्यानाची हटकून आठवण होते.

भाभांवर मात्र अन्याय होऊ नये. जानेवारी १९६६ मध्ये, विमान-अपघातात मृत्यू येण्यापूर्वी थोडेच दिवस, मुंबईत भरलेल्या शास्त्रीय संघांच्या परिषदेपुढे त्यांनी जे भाषण केले, त्यात हाच प्रश्न होता. आधी इमारत आणि मग तिच्यासाठी माणसे, ही पद्धत चुकीची; अशाने अनुभवी माणसे विद्यापीठांतून ओढली जातात आणि विद्यापीठे दुबळी होतात, हे त्यांनी मान्य केले होते. आपल्या खात्याने १९५७ पासून तुर्भ्याला स्वतःची प्रशिक्षणशाळा चालविली, असा त्यांचा बचाव होता, आणि तो बराचसा योग्य आहे. पण त्या शाळेत येणारे पदवीधर कोणत्या महाविद्यालयांतून येत होते, व त्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना दरसाल काय मिळत होते, हे त्यांच्या हिशेबाच्या वहीत नव्हते. आम्ही शाळामास्तर त्या वहीच्या बाहेरचेच.

पुढील काळातील कामगिरी थोडक्यात सांगतो, कारण ती बरीचशी सर्वांस माहीत आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरांहून अधिक खोल, भारतीय, जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. जगात हे प्रथमच घडत होते. खाण सोन्यासाठी खणलेली होती, विज्ञान तिच्यात पोटभाडेकरू म्हणून राहिले, आणि खाण तोट्यात गेल्यावर त्यालाही बिऱ्हाड हलवावे लागले. उटकमंडला गोविंद स्वरूप यांनी १९७० मध्ये अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांबीची रेडिओ दुर्बीण अशा टेकडीवर बसविली की, टेकडीचा उतार आणि त्या स्थळाचा अक्षांश जुळावेत, म्हणजे एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता यावा.

याच स्वरूपांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे जे केले, ते अधिक तपशिलाने पाहण्यासारखे आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा जवळजवळ एका चौरस किलोमीटरात, आणि उरलेल्या सोळा तीन भुजांवर पंचवीस किलोमीटरांच्या परिसरात पसरलेल्या. पाश्चात्त्य पद्धतीने एवढ्या तबकड्या घडविणे आपल्या ऐपतीबाहेरचे होते. तेव्हा घन पत्र्याऐवजी पोलादाच्या बारीक तारांची जाळी घेतली, ती ताणलेल्या तारांच्या सांगाड्यावर बसविली, आणि वारा जाळीतून आरपार जात असल्यामुळे खालचा आधारही हलका करता आला. गरिबीने येथे नवी युक्ती सुचविली. ऑक्टोबर २००१ मध्ये ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. तिच्या वेधांचा समावेश असलेले, विश्वभर पसरलेल्या अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींसंबंधीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे यंत्र बावीस वर्षे राबते आहे आणि मधल्या काळात त्याची सुधारणाही झाली. २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञानजत्रा भरते. जुन्नर-आंबेगावकडची शाळकरी मुले गाड्या भरभरून येतात, आणि शास्त्रज्ञ त्यांना मराठीत समजावून सांगतात. रेडिओ दुर्बिणीला आसपास विजेचा गोंगाट नको असतो. गावकऱ्यांना हे पटलेले असणे हा तिच्या रक्षणाचा एक भाग आहे.

आम्ही इंदूरकरांनाही या इतिहासात एक कोपरा आहे. होळकरांच्या सुखनिवासाच्या परिसरात १९८४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती झैलसिंग यांनी प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसविली. आज ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे इलेक्ट्रॉनांना वर्तुळात पळवून त्यांच्यापासून तीव्र प्रकाश मिळविणारी दोन यंत्रे आहेत. 'इंडस-१' १९९९ मध्ये चालू झाले आणि त्याहून कितीतरी मोठे 'इंडस-२' २००५ मध्ये. परंतु आमच्या मते या शहरातील त्याहून महत्त्वाची गोष्ट खंडवा रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि तिच्याकडे जाता-येता कोणी मान वळवूनही पाहत नाही. अणुशक्ती खात्याची मोठी यंत्रे विद्यापीठांतील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना वापरता यावीत, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९० च्या सुमारास एक संयुक्त संस्था स्थापन केली व तिचे मुख्य ठाणे इंदूरला ठेवले. कुठल्याशा लहान गावच्या महाविद्यालयातील अध्यापक आपला नमुना पिशवीत घालून येतो आणि आठवडाभर मोजमापे घेऊन परत जातो. साहांनी लोकसभेत मागितले होते ते याच स्वरूपाचे काही होते. त्यांच्या मृत्यूनंतर तीन तपांनी ते थोड्या प्रमाणात मिळाले.

आजचा हिशेब काय सांगतो? २०२०-२१ मध्ये सर्व प्रकारच्या संशोधनावर मिळून आपला देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ०.६४ इतका खर्च करीत होता. २०२३ मध्ये अनुसंधान प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये, पण त्यातील मोठा भाग खाजगी क्षेत्राकडून येईल अशा हिशेबाने. आकडा डोळे दिपविणारा आहे. मात्र तो येईल तेव्हा देणगी म्हणून येईल की वर्षासन म्हणून, हे कायद्यावरून कळत नाही. आणि संशोधक विद्यार्थ्यांची विद्यावृत्ती महिनोन्‌महिने अडकून पडल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांत वाचल्या की मन साशंक होते.

पैसा मंजूर होऊनही काम कसे अडते, याचे उदाहरण दक्षिणेत घडले. कोलारची परंपरा पुढे चालावी म्हणून तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, डोंगराच्या पोटात, पन्नास हजार टन लोखंडाचा न्यूट्रिनोमापक उभारण्याची योजना होती. जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने तिला सुमारे दीड हजार कोटी मंजूर केले. दोन-तीन महिन्यांतच उच्च न्यायालयाने कामास स्थगिती दिली. डोंगर फोडल्याने पाण्याचे काय होईल, किरणोत्सर्ग पसरेल काय, रानातील प्राण्यांचे काय, अशा शंका लोकांनी घेतल्या. त्यांतील काही निराधार होत्या, काही मुळीच नव्हत्या. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात आपला विरोध नोंदविला. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनने आपला भूमिगत न्यूट्रिनोमापक कार्यान्वित केला. आपल्याकडे त्या योजनेची पंच्याऐंशी टनांची एक लहान प्रतिकृती मदुराईस चालू अवस्थेत उभी करण्यात आली, तेवढीच. या योजनेच्या अपयशाला राजकारण कारणीभूत झाले असे शास्त्रज्ञ म्हणतात. आम्हांस वाटते की, ज्यांच्या डोंगरात शिरावयाचे त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलावयास ही मंडळी फार उशिरा गेली.

आता पाळी आपल्या मराठवाड्याची आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' या जोड-वेधशाळेने गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या. त्या मोजमापांतून क्षीण खूण वेगळी काढण्याच्या गणितात पुण्याच्या 'आयुका'मधील संजीव धुरंधर व त्यांच्या शिष्यांचा मोठा वाटा होता. तिसरी वेधशाळा भारतात व्हावी म्हणून हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळची जागा निवडली गेली, आणि एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे सव्वीसशे कोटी रुपये मंजूर केले. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते याच औंढ्याच्या देवळात, अशी परंपरा आहे. नामदेवांची नरसीही याच जिल्ह्यात. चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या तेथे काटकोनात टाकावयाच्या आहेत. त्यांच्या टोकांवरील आरसे प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाएवढे हलले तरी यंत्राने ते सांगितले पाहिजे. अशा यंत्राला जवळच्या रस्त्यावरून जाणारी भरलेली मालमोटार जाणवते, खाणीतला सुरुंग जाणवतो. तेव्हा भोवतालच्या शेतकऱ्याने विहिरीचे कातळ कधी फोडावे, गिट्टीचा कारखाना कोठे असावा, याविषयी त्याच्याशी वर्षानुवर्षे बोलत राहावे लागणार आहे. हे बोलणे मराठीत होईल, आणि त्यासाठी नेमावयाच्या माणसांचा पगार सव्वीसशे कोटींच्या कोणत्या सदरात धरला आहे, हे हिंगोलीच्या शाळामास्तरांनी आताच विचारून ठेवलेले बरे.